घरपतीची चौथी आवृत्ती

"साम्राज्यं तलवारीने पडत नाहीत. नियम बदलले की पडतात," असं उदयसिंह शिंगटे याने रविवारी सकाळी जाहीर केलं. आवाज असा लागला होता की समोर सभा असती तर टाळ्या पडल्या असत्या. समोर वॉशिंग मशीन होतं. त्याच्या खालच्या जाळीत कोपरापर्यंत हात घालून तो उकिडवा बसला होता. शर्टाच्या खिशात राहिलेला त्याचा वीस बाजूंचा फासा चादरींबरोबर धुऊन निघाला होता आणि आता आत कुठेतरी साबणाच्या गाळात पडून होता.

"सापडला का?" ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोने, नमिताने, विचारलं.

"एका युगाचा अंत होतोय, नमिता."

"होऊ दे. पण जाळी परत नीट बसवा. मागच्या अंताला बाथरूमभर पाणी झालं होतं."

युग म्हणजे तिसरी आवृत्ती. खेळाचं नाव 'काळोखयात्रा'. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं, एकाने मास्तर होऊन गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. मास्तर म्हणतो, पुढे दरी आहे. खेळाडू म्हणतो, मारली उडी. मग फासा टाकायचा, आणि गडी पलीकडे पोचला की खाली गेला ते फासा सांगतो. चाळिशी गाठलेली, गृहकर्जाचे हप्ते भरणारी माणसं यात दुपारभर ढाल-तलवार घेऊन वावरतात आणि सोमवारी डबा घेऊन कामावर जातात. यात कुणाचं काही नुकसान होत नाही, असं तोवर सगळ्यांचंच मत होतं.

उदयसिंह बारा वर्षं मास्तर होता. 'काळखाडीचा कोट' ही मोहीम त्याने स्वतः रचली होती. खाडीच्या चिखलात उभा असलेला एक कोट, त्यात खोल्याच खोल्या, आणि दारात बसलेला राक्षस, घरपती. या कोटात भिंतीला काहीही ठोकायला बंदी होती. म्हणून मशाली लावायला कड्या नव्हत्या, कड्या नव्हत्या म्हणून उजेड नव्हता, आणि उजेड नसल्यामुळे आत शिरलेले वीर बहुतेक एकमेकांच्याच तलवारीने मरत. त्यातून जो वाचे तो घरपतीच्या हातून मरे. घरपतीपुढे उदयसिंहाने एवढंच लिहून ठेवलं होतं: 'अजिंक्य. बोलत नाही.'

एवढा राग माणसाला पुस्तकं वाचून येत नाही. उदयसिंहाचे वडील, सयाजी, साताऱ्याकडून येऊन वाशीच्या मार्केटात माथाडीचं काम करत. बिऱ्हाड घणसोली गावात, गोटीराम म्हात्र्यांच्या खोल्यांपैकी एका खोलीत. गोटीरामांची भातशेती नव्या शहरात गेली होती. उरल्या जागेवर त्यांनी खोल्या उभ्या केल्या आणि भाताऐवजी भाडेकरू लावले. त्यांचा नियम एकच: भिंतीला खिळा मारायचा नाही. कॅलेंडर दाराच्या कडीला, आरसा खिडकीत, देव फळीवर. हे सगळं चाललं असतं. पण सयाजी गेले, आणि आईने, शकुबाईंनी, त्यांचा मोठा फोटो चौकटीत बसवून आणला. उदयसिंह परवानगी मागायला गेला. गोटीराम खाकरले आणि म्हणाले, "खिला नाय."

फोटो फ्रीजवर ठेवला. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आबा थरथरायचे. बंद होताना एक गचका घेऊन शांत व्हायचे. वर्षश्राद्ध झालं, उदयसिंहाचं लग्न झालं, नमिता घरात आली, तरी आबा फ्रीजवर थरथरत होते. आलेले पाहुणे नमस्कार करायचे आणि मग थंड पाण्याची बाटली काढायचे.

पुढे रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्ये फ्लॅट झाला. तिथे उदयसिंहाने पहिली खरेदी केली ती ड्रिल मशीनची. आबांचा फोटो चार स्क्रूंवर लागला. त्यावर दोन माणसं लोंबकळली असती. हात थांबेना म्हणून त्याने आणखीही भोकं पाडली, आणि त्यांत लावायला काही नव्हतं. गॅलरीतून खाली पाहिलं की गोटीरामांची गच्ची दिसे. उदयसिंह रोज पाहायचा. जागा बदलली की राग मावळतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याचा राग मजले चढून वर आला होता.

आणि अशात चौथी आवृत्ती निघाली.

पुण्याच्या एका लहानशा प्रकाशनाने जुन्या मोहिमा नव्या नियमांत बसवून मागवल्या. मोहीम पूर्ण खेळून झाल्याचं ध्वनिमुद्रण सोबत हवं, आणि सगळं या रविवारी संध्याकाळपर्यंत पोचलं पाहिजे. आवडली तर पुस्तक. उदयसिंह पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रबरी गॅस्केटं तपासायचा. त्याचं छापून आलेलं लिखाण म्हणजे तिथल्या भिंतीवरची 'हात घालण्यापूर्वी मशीन बंद करा' ही पाटी, आणि तिच्यावरही त्याचं नाव नव्हतं. आता नाव येणार होतं. नव्या नियमांत अजिंक्य राक्षस चालत नव्हता, तेव्हा घरपती मरणारही होता. आणि छापील मरणार होता, म्हणजे विकत घेऊन कुणीही त्याला पुन्हा पुन्हा मारू शकणार होतं.

मोहीम नव्या नियमांत बसवायचं काम महिनाभर चाललं. दलदलीतल्या जळवांचं विष नव्या कोष्टकात बसलं. नव्या आवृत्तीत सांगाड्यांना तहान लागते, तीही लावली. मग घरपती आला. तिसऱ्या आवृत्तीत राक्षसाला एक ओळ पुरायची. चौथीला अर्धं पान लागतं: दिसतो कसा, चालतो कसा, बोलतो कसा, सवयी कोणत्या. उदयसिंहाची लेखणी सुटली. बाह्यांची पांढरी बंडी, गळ्यात सोन्याची चेन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, प्रत्येक वाक्याआधी खाकरणं, आणि लोक पाणी भरत असताना हात पाठीशी बांधून त्यांच्या बादल्या मोजत उभं राहणं. अर्ध्या पानाचं दीड पान झालं. तिथे नवीन आवृत्तीने त्याला अडवलं. शेवटचा रकाना होता 'मागणी'. नियम असा, की प्रत्येक राक्षसाला काहीतरी हवं असतं. ते मिळालं की तो वाट सोडतो. मागणी नसलेला राक्षस खेळात उतरवता येत नाही.

घरपतीला काय हवं असतं? उदयसिंहाने 'सोनं' लिहिलं आणि खोडलं. सोनं त्याच्या गळ्यातच होतं. 'जमीन' लिहिलं आणि खोडलं. 'दरारा' लिहिलं, पण तोही पुरेसा होता. बारा वर्षं ज्याचा द्वेष केला त्याला काय पाहिजे हे आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट त्याला फारच अपमानाची वाटली. रकाना रिकामा ठेवून त्याने मसुदा ग्रुपवर टाकला. आयत्या वेळी काहीतरी सुचेल.

खेळाडू तिघं. एक नमिता. दुसरा कुंदन म्हात्रे, उदयसिंहाचा दहावीपासूनचा मित्र आणि गोटीरामांचा मुलगा. तिसरी कुंदनची बहीण निशिगंधा, जी बेलापूरच्या कोर्टात वकिली करत असे. कुंदनने मसुदा वाचून नुसता अंगठा पाठवला. कुंदन अंगठा पाठवणारा माणूस नव्हता. तो बोलून पाठवायचा, आणि ते ऐकायला चहा करून बसावं लागायचं. उदयसिंहाला अंगठा बघून बरं वाटलं, यावरून त्याची माणसांची पारख कळते.

बैठक नेहमीच कुंदनकडे असायची, कारण मोठं गोल टेबल त्याच्याकडे होतं. उदयसिंह आणि नमिता गावात शिरले. गल्ली अशी की समोरून सिलिंडरवाला आला तर एकाने कुणाच्या तरी घरात जाऊन उभं राहायचं. ते एका घरात उभे राहिले, तिथल्या बाईंना नमस्कार केला आणि पुढे निघाले.

कुंदन दारातच होता.

"या, मास्तर," तो म्हणाला. "भाडेकरूंनी चपला बाहेर काढायच्या."

बारा वर्षांत चपलांचा विषय निघाला नव्हता. नमिताने नवऱ्याकडे पाहिलं आणि चपला काढल्या. आत मास्तरची पाठीची खुर्ची दिसत नव्हती. तिच्या जागी बाथरूममधलं निळं स्टूल होतं. एसी बंद. पाण्याचा तांब्या होता, पण भांडी तीन.

"सुरुवात करायची का?" निशिगंधाने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला. "चालू आहे. आता जो तो जपून बोला."

स्टूलवर बसल्यामुळे उदयसिंहाची हनुवटी टेबलाला लागत होती. तिथूनच त्याने दलदलीचं वर्णन सुरू केलं. धुकं, कुबट वास, पायाखाली काहीतरी हलतंय.

"रणमर्द, तुझ्या पोटरीला जळू चिकटते," तो म्हणाला. रणमर्द म्हणजे कुंदनचा योद्धा.

"चिकटू दे."

"ती रक्त पितेय. फासा टाक."

"नाही टाकत. पिऊ दे. आमच्या घरचं रक्त बारा वर्षं पितायत लोक, त्यात एक जळू."

"कुंदन, हे रेकॉर्ड होतंय."

"म्हणूनच तर नीट बोलतोय. नाहीतर वेगळं बोललो असतो."

दलदल अशी पार पडली. सांगाडे तहानलेले निघाले तेव्हा निशिगंधाच्या चेटकिणीने त्यांना तांब्यातलं पाणी देऊ केलं, "पण भांडं नाही हो, भांडी मोजून ठेवलीत," असं म्हणून. नमिताची वैदू कुणालाच औषध देईना. ती म्हणाली, मला कुणाची बाजू घ्यायची नाही. एकूण, कोटाच्या दारात तीन वीर आले ते एकमेकांशी न बोलताच.

"समोर घरपती बसलाय," उदयसिंह म्हणाला.

"वर्णन वाच," कुंदन म्हणाला.

"तू वाचलंयस."

"पुण्याच्या लोकांसाठी वाच. चांगलं लिहिलंयस, लाजतोस काय."

उदयसिंहाने वाचायला घेतलं. पलीकडच्या खोलीत गोटीराम टीव्ही बघत बसले होते, म्हणून बंडीपाशी त्याने आवाज उतरवला आणि चेनपाशी तो पुटपुटायलाच लागला.

"मोठ्याने," कुंदन म्हणाला. "किल्ल्यांचं काय ते नीट ऐकू नाही आलं."

"...किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक वाक्याआधी तीनदा खाकरतो."

"दोनदा."

"काय?"

"माझा बाप दोनदा खाकरतो. लिहायचं तर नीट लिहायचं."

टेबलावर मोबाइलचे आकडे पुढे सरकत होते. पलीकडचा टीव्ही मधेच गप्प झाला, पण उदयसिंहाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"हा कुणाचा बाप नाही," तो म्हणाला. "हा राक्षस आहे."

"बादल्या मोजतो तो राक्षस."

"मोजायचे की नाही, ते सांग."

"मोजायचेच. नळ अर्धा तास यायचा आणि खोल्या अकरा. कोणी नको का मोजायला? तू मोजल्या असत्यास? तू तर गॅलरीत बसून राक्षस रचत होतास."

"आम्हाला गॅलरी नव्हती."

"आता आहे ना? बघतोस ना रोज आमची गच्ची? आई सांगते. पापड घालायला गेली की वर हा उभा."

नमिताने डोक्याला हात लावला. निशिगंधाने फक्त चष्मा पुसला. कोर्टात ती असं केव्हा करते हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी एव्हाना तडजोड केली असती.

"उदयदादा, आपण नियमाने जाऊ," ती म्हणाली. "चौथी आवृत्ती. राक्षसाला मागणी असते. माझी चेटकीण विचारते, घरपती, तुला काय हवं?"

"तो बोलत नाही."

"ते तिसरीत. चौथीत बोलावं लागतं. रकान्यात काय लिहिलंय?"

"ते खेळाडूंना सांगायचं नसतं."

"म्हणजे रिकामा आहे."

"रिकामा नाहीये."

"रिकामाच आहे," नमिता म्हणाली. "काल रात्री मी बघितला. लिहून लिहून खोडलाय, कागदाला भोक पडलंय."

पाठीत खंजीर बसलेले सेनापती पाहत असावेत, तसं उदयसिंहाने बायकोकडे पाहिलं. फक्त सेनापती घोड्यावर असतात.

"ठीक आहे," तो म्हणाला. "त्याला तुमचा जीव हवाय. झालं?"

"दिला," कुंदन म्हणाला.

"काय दिला?"

"जीव. रणमर्द पुढे जातो, तलवार खाली ठेवतो, मान पुढे करतो. घे म्हणावं."

निशिगंधाने नव्या आवृत्तीचं जाडजूड पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचलं. मागणी पुरी झाल्यास राक्षस तात्काळ वाट सोडतो. लढाई होत नाही.

"म्हणजे आपण जिंकलो?" नमिताने विचारलं.

"जिंकलो," निशिगंधा म्हणाली. "कुंदनदादा मेला, पण जिंकलो."

"मग निघायचं का? मला इस्त्रीचे कपडे आणायचेत."

बारा वर्षं ज्या दारात माणसं मेली, ते दार दोन मिनिटांत उघडलं होतं, आणि घरपतीला साधा ओरखडा नव्हता. उलट त्याला जे हवं ते मिळालं होतं. उदयसिंहाला घाम फुटला. एसी बंदच होता.

"ही मागणी रद्द," तो म्हणाला. "दुसरी आहे."

"मास्तरने शब्द फिरवला," कुंदन मोबाइलकडे वाकून स्पष्ट म्हणाला. "पुणेकरांनी नोंद घ्यावी. बरं, सांग दुसरी. नको, आम्हीच विचारतो. गेलेल्या जमिनीच्या बदल्यातला साडेबारा टक्क्याचा प्लॉट देतो त्याला. चालेल?"

"नको म्हणतो."

"देवीच्या पालखीचा पहिला मान?"

"नको."

"तुमच्या टॉवरमध्ये चौदावा मजला. गॅलरीसकट. खाली बघायला भाडेकरू ठेवून देऊ."

"नको. त्याला काहीच नको."

"काहीच नको असलेल्या माणसाला संत म्हणतात," निशिगंधा म्हणाली. "तू आमच्या बाबांना राक्षस लिहिलंयस की संत, ते एकदा ठरव. म्हणजे आम्हालाही वागायला बरं."

"राक्षस," उदयसिंह म्हणाला, आणि स्टूलवरून उठला. उठल्यावर तो पहिल्यांदाच टेबलापेक्षा उंच झाला. "माझा बाप फ्रीजवर होता, माहितेय? या घरात, खाली, चौथ्या खोलीत. एक खिळा मागितला होता मी. एक. मंदिर नव्हतो बांधत. आबांनी जन्मभर पाठीवर पोती वाहिली, आणि मेल्यावर भाज्यांच्या डोक्यावर बसले. कॉम्प्रेसर लागला की थरथरायचे. माझी आई त्यांना हाताने धरून ठेवायची, बंद होईपर्यंत."

मग कुंदन म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला?"

"मी मित्र ना तुझा? बारा वर्षं माझ्याच टेबलावर बसून माझ्याच बापाला मारायला शिकवलंस मला. मी रविवारमागून रविवार मरत होतो, आणि तू हसायचास, काय तर म्हणे अजिंक्य. एकदा बोलला असतास, 'कुंदन, तुझ्या बापाला सांग.'"

"तू तेव्हा वर टाइल्स लावत होतास. आणि गणपतीच्या आराशीला खिळे ठोकत होतास. आम्ही खालून मोजायचो."

"मग मोजत बसायचं. चहा प्यायला कशाला यायचास?"

"चहा तुझ्या आईचा होता. तुझ्या बापाने मला कधी पाणी विचारलं नाही."

"आजही नाही विचारलं," नमिता म्हणाली. "भांडी तीनच आहेत."

हे तिने नेमकं कुणाच्या बाजूने म्हटलं ते कळेना, म्हणून दोघंही तिच्यावर उखडले. तेवढ्यात पलीकडच्या खोलीच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. दोनदा.

गोटीराम उभे होते. पांढरी बंडी, गळ्यात चेन. त्यांनी चौघांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या फाशांकडे, मग मोबाइलकडे.

"राक्षस कोन?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा. खेळ आहे," कुंदन पटकन म्हणाला.

"तुम्ही," निशिगंधा म्हणाली. तिने उदयसिंहाच्या हातातला कागद घेतला आणि त्यांना सगळा वाचून दाखवला. दीड पान, शांतपणे, आरोपपत्र वाचतात तसं. उदयसिंह भिंतीकडे बघत राहिला. ती भिंत कुंदनच्या हॉलची होती. तिच्यावर घड्याळ, दोन कॅलेंडरं आणि देवीचा मोठा फोटो होता.

गोटीराम खुर्ची ओढून बसले. त्यांनी पाठीचीच खुर्ची घेतली. ती इतका वेळ पडद्यामागे ठेवलेली होती.

"किल्ल्या कमरेला नाय," ते म्हणाले. "करगोट्याला. कमरेच्या कोनी पन काढंल."

"बाबा, त्याने तुम्हाला राक्षस म्हटलंय," कुंदन म्हणाला.

"आयकला मी. बाकी काय खोटा हाय त्यात? पानी भरताना मी उभा र्‍हायचो. नायतर ती तुमच्या बाजूची काशी दोन पिंपा भरायची, आनि तुमची शकुबाय गपचिप रिकामी जायची. तुजी आवस कवा रिकामी गेली काय?"

उदयसिंहाला आठवेना. त्याला आठवायचंही नव्हतं.

"काका, तो खिळा," तो म्हणाला. आवाज त्याला पाहिजे होता तितका चढला नाही. "त्याचं काय?"

गोटीराम दोनदा खाकरले.

"ती भिंत चार इंची. रेती खाडीची, शिमिट जेवडा मिळाला तेवडा. तिकडं खिला मारला असतास तर तुजा बापूस पलीकडं काशीच्या खोलीत निघाला असता. भिंतीसकट."

"मग तसं सांगायचं ना."

"काय सांगायचा? भिंत पोकळ हाय असा भाडेकरूला कोन सांगतो?" गोटीरामांना हा प्रश्न खरोखरच पडलेला दिसत होता. "सांगितला असता तर र्‍हायला असतास काय?"

निशिगंधा वकील होती. तिने डोळे मिटून घेतले. कुंदनने हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद करायचा प्रयत्न केला, पण त्याच्याकडून ते झालं नाही, आणि मोबाइल फिरून पुन्हा गोटीरामांच्या समोर आला.

उदयसिंह उभाच होता. बारा वर्षांचा राग होता, आणि तो टांगायला भिंतच पोकळ निघाली. तरी तो मागे हटला असता तर तो उदयसिंह नव्हता. त्याने कागद ओढून घेतला, भोक पडलेल्या रकान्यावर पेन टेकवलं आणि दात आवळून बोलला. "काका, तुम्ही राक्षस आहात. मी बदलणार नाही. करगोटा दुरुस्त करतो, दोनदा खाकरणं करतो, पण राक्षसच ठेवतो. फक्त हे एक सांगा. संध्याकाळच्या आत पुण्याला पाठवायचंय, नाहीतर पुस्तक गेलं माझं. तुम्हाला पाहिजे तरी काय? सोनं आहे, घर आहे, अख्खी गल्ली घाबरते. काय पाहिजे काय तुम्हाला?"

"तुला कनाला पायजे?" कुंदन म्हणाला. चिडला की तो बापाच्या बोलीवर यायचा. "बाबा, सांगू नका. याला पुस्तकात घालायचंय."

"तू गप," गोटीराम म्हणाले.

ते विचारात पडले. असा प्रश्न त्यांना सत्तर वर्षांत कुणी विचारला नसावा. लोक त्यांना विचारायचे ते खोली रिकामी आहे का, एवढंच. त्यांनी छताकडे पाहिलं. चेनमधलं लॉकेट दोन बोटांत धरून फिरवलं. नमिता पुढे सरकली. उदयसिंहाच्या पेनाने त्या भोकाशेजारी एक ठिपका काढला होता आणि तो मोठा होत चालला होता. बारा वर्षांत घरपतीच्या दारात इतकी शांतता कधी पसरली नव्हती.

"हाय एक," गोटीराम म्हणाले.

"बोला."

"तुमची लोखंडाची खाट आमच्या माळ्यावर पडलीय. खोली सोडलीस तवा बोललास, येत्या रविवारी नेतो. आज रविवार हाय. तेवडी घेऊन जा."